सहा आठवडे, उपाशी पोटी

आमच्या कंपनीची नेहमीची लॅब त्या दिवशी बंद होती, म्हणून मला कोपऱ्यावरच्या दुसऱ्या लॅबमध्ये पिटाळलं. नाहीतर तो माणूस मला या जन्मात भेटला नसता. सकाळचे सात वाजले होते, पोटात अन्नाचा कण नव्हता आणि एक उंच, किडकिडीत माणूस माझ्या दंडाला रबरी पट्टा बांधत होता.

"मूठ आवळा... आणि इकडे बघू नका."

"मी बघतच नाहीये."

"हो, डोळे गच्च मिटलेत तुम्ही. पण फॉर्मवर तर टॉवर क्रेन ऑपरेटर लिहिलंय!"

"मग?"

"ऐंशी मीटरवर बसणाऱ्या बाईला एवढ्याशा सुईची भीती?"

"वर मला कुणी टोचत नाही," मी म्हणाले.

तो हसला असावा, कारण माझ्या हातावरची त्याची बोटं जराशी हलली. मी एक डोळा उघडून पाहिलं, तर सुई कधीच निघाली होती आणि तो अंगठ्यानं कापूस दाबून उभा होता. जरुरीपेक्षा थोडा जास्तच वेळ... की मलाच तसं वाटलं? "मूठ अजून आवळलेलीच आहे तुमची," तो म्हणाला. मी म्हटलं, भूक लागलीय. आणि बाही खाली ओढून तिथून सटकले.

ती मूठ ना भुकेची होती ना सुईची, हे मला पक्कं ठाऊक होतं.

दोन वर्षांपासून मला थायरॉइडची गोळी आहे. रोज एक, सकाळी, उपाशी पोटी. पहिलं दीड वर्ष मी ती शहाण्या मुलीसारखी घेतली. मग बरं वाटायला लागलं, आणि बरं वाटत असताना गोळी कशाला, असं म्हणून मी तिला चार महिने रामराम ठोकला. एवढ्यात कंपनीचं पत्र आलं. मागच्या वर्षी दुसऱ्या साइटवरच्या एका ऑपरेटरला क्रेनच्या केबिनमध्येच डुलकी लागली होती, तेव्हापासून दरवर्षी रक्ततपासणी सक्तीची झाली होती. डॉक्टरांचा 'फिट'चा शिक्का मिळाला तर वर, नाहीतर खाली गोदामात. ती केबिन मिळवायला मला सहा वर्षं लागली होती. त्या टोकावर बसणारी आमच्या कंपनीतली पहिली बाई मी, मुकादम मला 'घार' म्हणायचे. तेव्हा मी काय केलं, तर तपासणीआधी नऊ दिवस रोज दोन-दोन गोळ्या गिळल्या. परीक्षेच्या तोंडावर पुस्तक उघडणारी जात माझी, दुसरं काय!

दुपारी फोन आला.

"लॅबमधून बोलतोय. सकाळी तुमचं..."

"सुईवाले?"

"हो, तोच." तो घुटमळला. "तुमचे दोन आकडे एकमेकांशी भांडतायत. मी नमुना दोनदा लावून बघितला. गोळी रोज घेता ना?"

"रोज."

"आणि गेल्या आठवड्यात?"

मी फोन दुसऱ्या कानाला लावला. "दोन-दोन," मी म्हणाले. "नऊ दिवस."

"तरीच," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता, म्हणून मला जास्त लाज वाटली.

संध्याकाळी मी रिपोर्ट घ्यायला गेले. त्यानं एका कोऱ्या कागदावर दोन ओळी ओढल्या. "हे टी-फोर. आज तुमच्या रक्तात किती हार्मोन आहे, ते हे सांगतं. ते वरच्या मर्यादेला टेकलंय, कारण तुम्ही नऊ दिवस गोळ्या कोंबल्यात. आणि हे टीएसएच. हे मेंदूखालच्या ग्रंथीकडून येतं. हार्मोन कमी पडलं की ती ग्रंथी थायरॉइडला ओरडून सांगते, आणखी पाठव, आणखी पाठव! चारच्या आत हवं ते. तुमचं एकेचाळीस आहे."

"म्हणजे खालचा सिग्नलवाला वॉकी-टॉकीवर ओरडतोय आणि क्रेन ढिम्म हलत नाहीये."

"अगदी! आणि त्याचं ओरडणं नऊ दिवसांत थांबत नाही. खाली यायला सहा-एक आठवडे लागतात. म्हणून टीएसएचला फसवता येत नाही."

मी टेबलावर झुकले. आवाज जमेल तितका गोड केला. "मग असं करा ना... नुसतं टी-फोरच छापा. ते चांगलंय."

"नाही."

"एक ओळ तर गाळायचीय!"

"नाही म्हटलं ना." तेच शांत डोळे. "हार्मोन कमी पडलं की झापड येते. तुम्ही वर झोपलात तर खाली कुणाच्या तरी डोक्यावर लोखंड पडेल. जसं आहे तसंच जाईल. आणि उद्यापासून दोन-दोन अजिबात नको, हृदयावर ताण येतो. डॉक्टरांना खरं काय ते सांगा."

"खडूस!" मी म्हणाले आणि रिपोर्ट ओढून घेतला. घरी जाईपर्यंत मी त्याला शिव्या दिल्या, आणि त्याचे ते डोळे काही केल्या डोक्यातून जाईनात, याबद्दल स्वतःलाही दिल्या.

दुसऱ्या दिवशी कंपनीच्या डॉक्टरांना मी सगळं सांगून टाकलं. ते चष्म्यावरून माझ्याकडे बघत राहिले. "जुना डोस, रोज एक. सहा आठवडे खाली. मग परत रक्त. आकडा मर्यादेत आला तर शिक्का देतो, नाही आला तर क्रेन दुसऱ्याकडे जाईल. त्यापलीकडे तुमची जागा मी राखू शकत नाही."

"येईल," मी म्हणाले. मला कशाची खात्री नव्हती, पण मागे हटायचं नाही एवढं मात्र ठरलं होतं.

पहाटे पाचचा गजर लागायला लागला. गोळी, पेलाभर साधं पाणी, आणि मग तासभर काही नाही. पहिल्याच दिवशी आई सवयीनं चहा घेऊन आली. मी म्हटलं, तासाभरानं. ती रोज द्यायची ती कॅल्शियमची गोळीही दुपारच्या जेवणानंतर गेली, कारण दोन्हींत चार तासांचं अंतर हवं. आई कपाळाला हात लावून म्हणाली, "गाडी चुकेल म्हणून ओरडले तरी कधी उठली नाहीस, आणि आता एवढ्याशा गोळीसाठी पाचला?"

साडेपाचला त्या सुईवाल्याला, त्याचा फोन आला होता त्याच नंबरवर, मेसेज करायचं मीच सुरू केलं. शब्द एकच, 'घेतली'. खडूस म्हटल्याची परतफेड म्हणून असेल, किंवा नसेल. तोही एकच शब्द पाठवायचा, 'चहा?' मी लिहायचे, 'अजून अर्धा तास.' दहाव्या दिवशी त्यानं लिहिलं, 'मीही थांबलोय.'

"तू कशाला थांबलास?" मी फोनच केला. तुम्हीचं तू कधी झालं, कळलंच नाही.

"सोबत म्हणून," तो म्हणाला. मग चहाची वेळ होईपर्यंत फोन कुणी ठेवला नाही.

तिसऱ्या आठवड्यात मात्र मी हरायला आले. अंग जड, डोळे जड, उगाचच रडू यायचं. माझ्या केबिनमधला बदली ऑपरेटर तुळया अशा हेलकावत आणायचा की माझे हात शिवशिवायचे, आणि मी खाली गोण्या मोजत बसलेली. एका संध्याकाळी काम सुटायच्या वेळी माझा सुईवाला साइटबाहेरच्या बाकावर येऊन बसला. त्यानं वर क्रेनकडे बघितलं, गरगरलं म्हणून लगेच खाली बघितलं. मला हसू आलं, आणि हसता हसता रडू.

"उद्या एक जास्त घेते. फक्त उद्या."

"नको."

"तू कोण मला सांगणारा?"

"कुणी नाही..." तो हळूच म्हणाला, "अजून."

त्या 'अजून'वर मी पुढचे तीन आठवडे काढले. एकही सकाळ चुकली नाही.

बेचाळिसाव्या दिवशी मी सातच्या ठोक्याला लॅबमध्ये हजर होते. आईनं विचारलंच होतं, रक्त द्यायला केस कशाला धुतेस म्हणून. खुर्चीत बसले, बाही वर केली, हात पुढे केला. त्यानं माझ्याकडे पाहिलं, हातातली नळी खाली ठेवली आणि आतल्या खोलीकडे वळून म्हणाला, "बाई, हिचं तुम्ही घ्या."

बाई म्हणजे तिथल्या सगळ्यांत जुन्या, पिकल्या केसांच्या तंत्रज्ञ. त्यांनी चटकन रक्त काढलं. तो पाठमोरा उभा राहून कसल्याशा बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवत होता. मी डोळे मिटलेच नाहीत. सुईपेक्षा ती पाठ जास्त टोचली.

चार वाजता रिपोर्ट मिळाला, तोही बाईंच्याच हातून. टी-फोर मधोमध. टीएसएच तीन पॉइंट सहा. मी तो कागद घेऊन डॉक्टरांकडे धावतच गेले. त्यांनी दोन्ही आकड्यांवर पेन्सिल टेकवली, शिक्का उचलला आणि दाबला. "सोमवारपासून वर. आणि बरं वाटतंय म्हणून गोळी सोडायची नाही, कळलं?" सोमवारी माझी केबिन माझी होती. मी नाचायला हवं होतं, पण मी तरातरा निघाले भांडायला.

तो लॅबचं शटर ओढत होता.

"एवढं काय केलं मी?" मी सरळच सुरू केलं. "महिनाभर रोज सकाळी माझ्यासाठी चहा थांबवलास, आणि आज हात लावायलाही नको झालं?"

"आकडा काय आला?" त्यानं विचारलं.

"तुमच्याच लॅबचा रिपोर्ट आहे! तू बघितला नाहीस?"

"नाही. मशीन चालू होतं तेव्हा मी बाहेर जाऊन उभा राहिलो." त्यानं शटर सोडलं. "आमच्या लॅबमध्ये घरच्या माणसाचा नमुना आपण स्वतः लावत नाही. म्हणजे नियम कुठे लिहिलेला नाही, पण कुणीच लावत नाही. आकडा अमुकच यावा असं मनापासून वाटत असलं की हातावर भरवसा राहत नाही... आणि तुझा मर्यादेत यावा असं मला फार वाटत होतं."

"पण मी कुठे तुझ्या घरची आहे?"

"नाहीस," तो म्हणाला. या वेळी त्यानं नजर खाली घेतली नाही. "पण मी बाईंना तसंच सांगितलं. मला तू आवडतेस. मी तुला त्या दिवशीच हे सांगणार होतो, पण तू खडूस म्हणून निघून गेलीस."

मी शिक्का मारलेला कागद त्याच्या हातात दिला. त्यानं आकडा वाचला, परत वाचला, आणि भिंतीला टेकून लहान मुलासारखा हसला. तेव्हा मला कळलं की मी या माणसावर केव्हाची प्रेम करतेय, आणि ते सांगायला मला सहा आठवडे काय, सहा मिनिटंही थांबायचं नव्हतं.

"मलाही तू आवडतोस," मी म्हणाले. "फार. म्हणजे यापुढे माझं रक्त दर वेळी बाईच काढणार?"

"दर वेळी."

"डॉक्टर म्हणतात, माझी ही गोळी आता जन्मभराची आहे."

"हो ना," तो म्हणाला आणि माझा हात हातात घेतला. "मीही तेवढेच दिवस धरून चाललोय."