स्टेडियमचे दिवे

टॉर्च बंद कर आधी, सेल फुकट जातायत. लाइट येईपर्यंत सांगतो. आणि मध्ये खिदळायचं नाही, हे पंढरीच्या बाबतीत घडलेलं आहे. पंढरी म्हणजे आमचा वायरमन, वागळे इस्टेटमध्ये माझ्या शेजारच्या शेडमध्ये होता. खोटं बोलायची अक्कलच नव्हती त्याला.

साल एकोणनव्वद. अठ्ठावीस नोव्हेंबर, मंगळवार, अमावास्या. खाडीजवळ फुटबॉलचं नवं स्टेडियम झालेलं. चार कोपऱ्यांत चार उंच खांब, त्यांवर हे एवढाले दिवे. त्या संध्याकाळी ते पहिल्यांदा लावायचे, साहेबांना दाखवायचे आणि बंद करून घरी यायचं, एवढंच पंढरीचं काम.

दुपारी कोळीवाड्यातली मंजुळा त्याच्याकडे आली. तिचा नवरा गोमाजी चार वर्षांपूर्वी खाडीत मासे मारायला गेला तो परतलाच नाही. होडी सापडली, माणूस नाही. तेव्हापासून ही बाई रोज तिन्हीसांजेला दारातल्या बांबूवर कंदील चढवायची. लोक वेडी म्हणायचे. म्हणोत बापडे. ती पंढरीला म्हणाली, "दादा, ते दिवं नको लावू. त्याला माजा कंदील दिसाचा नाय."

पंढरीला वाईट वाटलं. पण साहेब यायचे होते, तो तरी काय करणार? तासा-दीड तासाचाच प्रश्न आहे म्हणून त्याने तिची समजूत काढली.

सातला दिवे लागले. टाळ्या वाजल्या, पेढे वाटले. साडेआठला सगळे पांगले. पंढरी एकटा स्विचरूमकडे निघाला, तेव्हा मैदानात त्याला माणूस दिसला.

मधल्या चुन्याच्या गोलात उभा. कमरेला रुमाल, खांद्यावर वल्हं. अंगातून पाणी निथळतंय. या खांबाकडे बघायचा, मग त्या. परत वळायचा. जत्रेत चुकलेलं पोर बघतं ना, तसा...

पंढरीने हाक मारली.

तो जवळ गेला. मग तो माणूस बोलला. अगदी हळू.

"यातला आमचा दिवा कंचा?"

पंढरी धावला. मेन स्विच पाडला. भिऊन नव्हे रे... अंधार झाला तर त्याला कंदील दिसेल म्हणून.

काळोख. पंढरीने कोळीवाड्याकडे बघितलं.

कंदील नव्हता.

एवढ्या झगमगाटात आपला कंदील कोणाला दिसणार, म्हणून मंजुळाने त्या दिवशी तो लावलाच नव्हता. चार वर्षांत पहिल्यांदा.

ओली पावलं वाजली... खाडीकडे. मग तीही थांबली.

सकाळी पंढरीने तिला जाऊन सांगितलं. "आला व्हता, नि मी दिवा नाय लावला," एवढंच ती म्हणत राहिली. फार रडली बिचारी. पंढरीच्याही मनाला ते कायमचं लागलं.

त्या गोलाच्या मधोमध वीतभर जागेत खाडीचा चिखल होता. मे महिन्यातही वाळेना. तीनदा खरवडून नवी माती टाकली, हरळी लावली, धरली नाही. मागच्या साली पंढरी गेला. त्याच्या दहाव्याहून परतताना मी मुद्दाम तिथे गेलेलो. हात लावला, ओलंच होतं. बोट जिभेला लावून बघितलं...

खारट.