काकांची कडी

पटलं तर घ्या, नाहीतर सोडून द्या. पण हे घडलंय, माझ्याच बाबतीत, आणि यात मी पदरचं काहीही घातलेलं नाही.

रात्र नव्हती. भुताला रात्रच लागते हे कोणी ठरवलं, देव जाणे. शनिवार होता, दुपारचे सव्वातीन. अर्धी सुट्टी म्हणून अख्खा मजला रिकामा, आणि चाचणीच्या खोलीत मी एकटी.

आमची कंपनी दवाखान्यांसाठी पंप बनवते. हृदयाच्या पेशंटला थेंबाथेंबाने औषध देणारे. मोटर कधी फिरवायची, कधी थांबवायची हे सांगणारा आतला कोड माझ्याकडे असतो. आधी तो काकांकडे होता. नात्यातले नव्हेत, पण वीस वर्षं सगळं ऑफिस त्यांना काकाच म्हणायचं.

काकांच्या टेबलावर दाराची एक जुनी लोखंडी कडी असायची. ज्याला कोडला हात लावायचा असेल त्याने ती आपल्या टेबलावर न्यायची. ती परत येईपर्यंत बाकीच्यांनी तिकडे बघायचंही नाही. एकाच वेळी दोघांचे हात पडले की घाण होते, म्हणायचे. कडी मागायला आले की टेबलावर बोटाने दोनदा ठोकायचे.

टक... टक.

मला हसू यायचं. ते मला 'घाईबाई' म्हणायचे, त्याचा रागही यायचा.

त्या शनिवारच्या चार महिने आधी काका गेले. जेवून खुर्चीत टेकले, ते उठलेच नाहीत. कडी माझ्याकडे आली.

आणि मी पहिलं काम काय केलं, तर त्यांचं कुलूप काढलं.

सांगते. पंपात 'आतापर्यंत किती औषध गेलं' असा एक आकडा असतो. तो दोघं वाढवतात. एक आतलं घड्याळ, ते ठरल्या वेळी थेंब सोडतं. दुसरी नर्स, ती जादा डोसचं बटण दाबते. दोघांनी नेमका एकाच क्षणी तो आकडा वाचला, तर एकाची भर दुसऱ्याच्या भरीखाली पुसली जाते. औषध दोनदा जातं, नोंद एकदाच होते. पंपाला वाटतं अजून द्यायचंय. तो देत राहतो.

म्हणून आकड्याला कुलूप. एक आत असला की दुसऱ्याने थांबायचं. काकांचं कुलूप कडक. थांबणारा दारातच ताटकळत उभा, आणि आत कोणी आहे तोवर घड्याळाचीसुद्धा हाक ऐकायची नाही. त्यापायी पडद्यावरचा आलेख जरासा अडखळायचा. साहेबांना ते खुपायचं. "गिऱ्हाईक पडदा बघतं, तुमचं कुलूप नाही," म्हणायचे.

मी सुटसुटीत कुलूप घातलं. यात थांबणारा झोपून जातो आणि दार मोकळं झालं की त्याला उठवतात. पण घड्याळाला झोपून चालत नाही. मग घड्याळाच्या बाजूचं कुलूप मी काढूनच टाकलं. म्हटलं, थेंब आणि बटण एकाच क्षणी यायला कावळा बसायला आणि फांदी मोडायलाच गाठ पडली पाहिजे.

पडदा सुरळीत झाला. साहेब खूश. नव्या कोडचा पहिला पंप सोमवारी जाणार होता, तो नेमका माझ्या ताईच्या वॉर्डात. ताई तिथे नर्स आहे. ते बटण तीच दाबणार होती.

तर तो शनिवार. खोलीतल्या तशाच दुसऱ्या पंपाच्या सिरिंजमध्ये पाणी भरून शेवटची चाचणी चालली होती. मोटरची बारीक कुरकुर, बाकी आवाज नाही. मी मधूनमधून बटण दाबत होते.

आणि...

टक... टक.

मोटर थांबली.

दिवा चालू, पडदा चालू. फक्त पंप गप्प. मी मनात मोजलं. नऊ सेकंद. मग आपोआप सुरू झाला.

मी नोंद उघडली. कुलूप लागलेलं होतं, नऊ सेकंद. कोणी लावलं तो रकाना कधीच मोकळा राहत नाही.

तो मोकळा होता.

आणि घड्याळाला तर मी कुलूपच ठेवलं नव्हतं. ते कशासाठी थांबलं?

पुन्हा बटण दाबलं. काही नाही. पुन्हा. काही नाही. सातव्यांदा माझं बोट आणि थेंब नेमके एकत्र आले...

टक... टक.

पुन्हा नऊ सेकंद.

कोणीतरी मुद्दाम गंमत करतंय म्हणून बाहेर जाऊन बघितलं. मजल्यावर चिटपाखरू नाही.

माझ्या टेबलावर कडी नव्हती.

ती काकांच्या रिकाम्या टेबलावर होती. दांडा भिंतीकडे करून ठेवलेली. तसं फक्त काकाच ठेवायचे.

तेवढ्यात फोन वाजला. ताईचा.

"ठमे, तुमचं यंत्र आलंय बरं का."

"ते सोमवारी येणार होतं."

"साहेबांनी सकाळीच पाठवलं. पाच नंबरच्या खाटेला लावलंय. पण मेलं मध्येच अडतंय. जादा डोस द्यायला गेलं की थांबतं."

"दर वेळी?"

"नाही, एखाद वेळी. आणि आत काही सैल आहे का गं? थांबायच्या आधी ठोकल्यासारखं वाजतं. दोनदा."

"ताई, बटणाला हात लावू नकोस. पंप काढ, जुना लाव. आत्ता."

"अगं, पण डॉक्टर..."

"पाया पडते तुझ्या."

तिने काढला. त्या खाटेवर दोन लहान मुलींची आई होती. ती बरी होऊन घरी गेली. मी साहेबांना माझी चूक सांगितली, ठोकण्याचं तेवढं सोडून. शिव्या खाल्ल्या आणि काकांचं कुलूप जसंच्या तसं परत बसवलं. कडी त्यांच्याच टेबलावर राहू दिली. उचलायची छाती झाली नाही.

गोष्ट इथे संपली असती तर मी लिहिलं नसतं.

आता चाळीस पंप बाहेर आहेत, त्यातले सहा ताईच्या वॉर्डात. पडदा अडखळतो, अडखळू दे. सहा महिने सगळं नीट चाललं. मग गेल्या महिन्यात ताई सहज म्हणाली, "तुमची यंत्रं परत ठोकायला लागलीत हं."

नोंदी मागवल्या. कुलूप, नऊ सेकंद, रकाना मोकळा.

पण या वेळी बटण कोणी दाबलेलंच नव्हतं.

म्हणजे ती जुनी चूक नाही. दुसरं काहीतरी आहे आणि ते मला दिसत नाहीये. काका उगाच कडी लावणारे नव्हते. साहेबांना म्हटलं, सगळे पंप परत मागवू या. ते म्हणाले, "एका मोकळ्या रकान्यासाठी? डोकं ठिकाणावर आहे का?"

तेव्हापासून रोज रात्री ताईला विचारते, "ठोकलं?"

"ठोकलं बाई, ठोकलं. झोप आता."

तिने असं म्हटलं की मला खरंच झोप लागते.

काल म्हणाली, "नाही गं. दोन दिवस झाले, सगळे गप्प आहेत. दुरुस्त केलंस का?"

मी काहीही केलेलं नाही.

आज सकाळी ऑफिसला आले तर काकांचं टेबल मोकळं होतं. कडी माझ्या टेबलावर होती.

सकाळपासून तोच कोड वाचतेय, आठव्यांदा. काही सापडत नाही. कोणाला तरी सांगावं म्हणून हे लिहायला घेतलं.

ड्युटीवर असताना ताई फोन करत नाही. त्या शनिवारी केला होता तेवढाच. आत्ता सव्वातीन झालेत, आणि तिचा फोन वाजतोय.