दक्षताचा उजवा हात

जयेशनं माझा हात आधी धरला, नाव नंतर विचारलं.

माजिवड्याच्या मच्छीबाजारात मी सुरमई कापत होते. कोयता निसटला आणि उजव्या तळव्यावर लहानपणापासून असलेल्या फुगवट्याला लागला. रक्ताची चिळकांडी थेट बर्फाच्या टेम्पोवर! टेम्पोवाल्या जयेशनं खाली उडी मारली, जखमेवर अंगठा दाबला, मला रिक्षात घातलं आणि हॉस्पिटल येईपर्यंत तो अंगठा उचललाच नाही.

"नाव काय गं तुझं?"

"दक्षता... अंगठा काढ ना, दुखतंय!"

"काढतो. डॉक्टर बोलू दे आधी."

असला हट्टी माणूस! डोळे मात्र इतके निवांत, की मला रडायचंही सुचेना.

शिंगाळा माशाचा काटा मोडलाय असं समजून आईनं त्या फुगवट्यावर वर्षानुवर्षं हळद बांधली होती. पुढे गल्लीतल्या डॉक्टरनं गाठ म्हणून कापायला घेतला, आणि रक्त थांबेना तेव्हा धमनीच बांधून टाकली. हे ऐकून हॉस्पिटलातल्या डॉक्टर कल्पितांनी कपाळाला हात लावला.

"हा रक्तवाहिन्यांचा जन्मजात गुंता आहे. धमनीतून आत शिरायचा सरळ रस्ता त्या टाक्यानं बंद झालाय. आता सुईनं थेट गुंत्यात औषध सोडायचं. ते जरा जरी भलतीकडे गेलं, तर दोन बोटं जातील."

बोटं गेली तर कोयता कसा धरणार? मी फार घाबरले.

तीन वेळा ऑपरेशनच्या टेबलावर गेले. तिन्ही वेळा दिवा गावाहून जयेश हजर.

"धंदा सोडून आलास?"

"बर्फ वितळला तर वितळू दे."

"आणि माझी बोटं गेली तर?"

"मग मासे मी कापीन, तू भाव कर. भांडायला तोंड लागतं, बोटं नाय!"

मी हसले... आणि हसता हसता रडले.

तिसऱ्या खेपेची पट्टी सुटली. फुगवटा बसलेला, आतली धडधड गप्प. एक बोट हललं... दुसरं... पाचही! डॉक्टर कल्पितांनी चक्क टाळी वाजवली. जिंकलो होतो आम्ही!

"जयेश, उद्या बांगड्या भरायला चल. उजव्या हातात."

"चल की. एकदम बांगड्या?"

"लग्नात आपल्या कोळणी नवऱ्याच्या रक्षणासाठी उजव्या हातातल्या बांगड्या दर्याला देतात... माहितीय ना?"

"माहितीय."

"मग द्यायला आधी हातात नकोत?"

तो कानापर्यंत लाल झाला.

"उद्या कशाला?" तो म्हणाला. "दुकान आठपर्यंत उघडं असतं."