मेंढरांनी नापास केलेलं गाणं

आरशात मेंढरं दिसली तेव्हा निताला वाटलं, ती रस्ता ओलांडताहेत. तिने गाडी हळू केली. मेंढरंही हळू झाली. ती थोडी पुढे सरकली… तीही सरकली. सिद्धेश्वर धरणाकडून येणाऱ्या रस्त्यावर एक अख्खा कळप माना वर करून तिच्या गाडीमागे चालला होता. अगदी शिस्तीत, नवरदेवामागे वऱ्हाड चालावं तसा.

गाडीत तिचंच गाणं मोठ्या आवाजात लागलं होतं.

कळपामागून एक तरुण धावत आला. खांद्यावर घोंगडी, पायात निळे स्पोर्ट्स शूज, कपाळावर घाम. तो खिडकीशी वाकला आणि तिच्याकडे न बघता थेट स्पीकरकडे बोट करून म्हणाला, "आधी ते बंद करा."

तिने बंद केलं. मेंढरं जागच्या जागी थांबली आणि कडेचं गवत ओरबाडू लागली.

"आता सांगा मॅडम," तो म्हणाला, "माझा आवाज तुमच्या गाडीत काहून वाजून राहिला?"

निताने पहिल्यांदा त्याच्याकडे नीट पाहिलं. रागावलेला होता, पण डोळे रागावायला विसरले होते.

"म्हणजे… ते तुम्ही?"

गेल्या दिवाळीत ती गावी आली होती तेव्हाची गोष्ट. धरणाच्या काठावर ती गिटार घेऊन बसली होती आणि पलीकडून, पाण्यावरून एक हाक आली. लांबलचक, मध्येच तुटणारी, मग पुन्हा चढत जाणारी. कोणीतरी मेंढरं वळवत होतं. निताने ती मोबाइलवर टिपली. त्या हाकेवरून गाणं सुचलं आणि ते गाणं ऐकून मुंबईतल्या मोठ्या म्युझिक कंपनीने तिला बोलावलं. पुसेगावजवळच्या तांड्यावरची पोरगी, स्वतः लिहिणार, स्वतः गाणार, मागे ड्रम्स आणि इलेक्ट्रिक गिटार. पहिला अल्बम. त्यातलं मुख्य गाणं हेच. सगळी वाद्यं एकदम थांबायची आणि त्या शांततेत ती हाक उठायची.

"मी तुम्हालाच शोधत होते," निता म्हणाली. घाबरणं तिच्या स्वभावात नव्हतं. "तुमचा होकार हवाय."

"होकार?" त्याच्या मिशीत हसू आलं. "नाव तर विचारा आधी. दत्तप्रसाद."

"मी निता. आणि होकार गाण्यासाठी हवाय."

"मंग न्हाई."

"का?"

"गानं हिट झालं तर—"

"होणारच आहे."

"व्हईना का. मंग ते टेम्पोत वाजंल, वरातीत वाजंल, वारंगा फाट्याला ट्रकात वाजंल. आन माझी मेंढरं त्या ट्रकामागं जातील. त्यांना काय ठावं, मी बोलवून राहिलो का स्पीकर?"

निता काही बोलणार होती. तेवढ्यात तिला दिसलं, एक कोकरू गाडीच्या चाकाला अगदी खेटून उभं आहे. तिने हळूच हँडब्रेक ओढला आणि किल्ली काढून घेतली.

"मी हाक बदलते," ती म्हणाली. "मेंढरांनी ओळखली नाही, तर चालेल?"

"चालंल की." तो कोकरू उचलत म्हणाला. "पन परीक्षा मेंढरंच घेतील."

त्या संध्याकाळी तिचे निर्माते रत्नपाल मुंबईहून फोनवर म्हणाले, "निता, त्या जागी काहीतरी काळजाला हात घालणारं हवं. नाहीतर गाणं अर्धंच आहे. येत्या सोमवारी मी अल्बमचं रेकॉर्डिंग संपवतोय. तोवर मिळालं नाही, तर हे गाणं अल्बममधून बाहेर."

मग निता रोज सकाळी भावाची, रणजीतची गाडी घेऊन निघू लागली. दत्तप्रसादचा कळप कालव्याजवळच्या एका रानात बसवला होता. शेजारच्या मळ्यात हळद शिजत असायची, तिचा तो उबदार, मातकट वास धुक्यात मिसळून यायचा. पुढे काय लिहायचं आणि काय गायचं, ते त्या वासात तिला आपोआप सुचायचं… किंवा वासामुळे नसेलही.

पहिल्या दिवशी तिने हाक वरच्या सुरात नेली. मेंढरं आली. दुसऱ्या दिवशी खालच्या सुरात. मेंढरं जरा विचार करून आली. मग तिने ती संथ केली, तिच्यावर गिटार चढवली, शेवटी उलटी वाजवली.

उलट्या हाकेला एक म्हातारी मेंढी एकटीच आली, निताकडे बघून शिंकली आणि परत गेली.

"नापास," दत्तप्रसाद म्हणाला. "पन तिला आवडलं."

"तुला आवडलं का, ते सांग."

"मला कोन इचारतंय. मी काय परीक्षक हाय?"

"मी विचारतेय ना."

तो काठीने मातीत रेघा ओढत राहिला. "हाकेच्या आधी तू जे गातेस ना… ते म्हशीला पानी दाखवतानाबी डोक्यात वाजून राहतं."

निताने मुंबईत पुष्कळ कौतुक ऐकलं होतं. या कौतुकाने मात्र तिचे कान गरम झाले, आणि तिने उगाचच गिटारची खुंटी पिळली.

"एक इचारू?" तो म्हणाला. "माझ्याच हाकेमागं काहून लागलीस? तुझ्या गळ्याला काय झालंय?"

तिने गिटार खाली ठेवली, बांधावर चढली आणि हाक दिली. तिची स्वतःची. सुरुवात हळू, मग एकदम उंच, आणि शेवटी हसल्यासारखी मोकळी.

मेंढरांनी मानही हलवली नाही.

"पास," दत्तप्रसाद हळूच म्हणाला. तो मात्र वर बघत उभा होता. डोळ्यांवर ऊन येत होतं तरी.

तिने ती हाक लगेच मोबाइलवर टिपली. निघताना तो म्हणाला, "मलाबी पाठवून ठेव."

"कशाला?"

"अशीच. ऐकायला."

पुढचे दोन दिवस निता घराबाहेर पडली नाही. ड्रम्स, गिटार आणि आपली नवी हाक जुळवत बसली. रविवारी सकाळी ती रानात पोचली तेव्हा दत्तप्रसादची आई, पंचफुलाबाई, भाकरी घेऊन आली होती. निताने वाकून नमस्कार केला, स्पीकर बांधावर ठेवला आणि ऐटीत बटण दाबलं. आज फक्त शिक्का बसायचा बाकी होता.

वाद्यं थांबली. हाक उठली.

आणि सगळा कळप उधळला. कोकरं आयांच्या पुढे, आया कोकरांच्या पुढे. मेंढरांनी निताला घेरलं, तिच्या ओढणीत, खिशात, हातात तोंडं खुपसली. ती हात वर करून मध्ये उभी. "अरे, मी काय केलंय? त्या दिवशी तर ओळख दाखवत नव्हती."

पंचफुलाबाई पदर तोंडाला लावून हसत होत्या. "तू न्हाई केलं बाय. ह्यानं केलं. दोन दिस झाले, मोबाइलवर तुझी हाक लावतोय आन बाभळीच्या शेंगा चारतोय. मेंढरांना काय, जिकडून हाक तिकडून शेंगा."

"माय…" दत्तप्रसाद म्हणाला.

"माय काय? सांगू दे की." त्या निताकडे वळल्या. "आमच्यात बाहेरच्या मानसाची हाक मेंढरांना शिकवत न्हाईत. घरात येनारीची शिकवतात. मी नवरी होऊन आले तवा ह्याच्या आजानं माझी शिकवली व्हती. ह्यानं मला न इचारता तुझी शिकवली. तवाच मी समजले."

दत्तप्रसाद एका कोकराचा खूर तपासत होता. त्या खुराला काहीही झालेलं नव्हतं.

"दत्ता," निता म्हणाली. "उद्या सोमवार आहे, हे ठाऊक होतं ना तुला?"

"व्हतं."

"गाणं जाईल, हेही?"

"ते ध्यानात आलं न्हाई." त्याने कोकरू खाली सोडलं. "तू मुंबईला जाशील, एवढंच ध्यानात व्हतं. म्हनलं, मेंढरांना तरी तुझ्या आवाजाची सवय राहू दे."

"मेंढरांना?"

"…मलाबी."

कालव्यातून पाणी वाहत होतं. निताला राग यायला हवा होता. तिने तो शोधूनही पाहिला. सापडला नाही.

"पोरी, तुझ्या तांड्यात काय म्हनतील?" पंचफुलाबाईंनी विचारलं. आता त्या हसत नव्हत्या.

"बापूंना मी सांगेन. मुंबईला जाते म्हणाले, तेव्हाही मीच सांगितलं होतं. आठवडाभर जेवले नाहीत नीट. मग स्टेशनवर सोडायला तेच आले." तिने ओढणी झटकली. "आणि ही हाक आता तुमच्या घरची. ती कुठल्याही ट्रकात वाजणार नाही."

"मंग गानं?" दत्तप्रसादचा चेहरा आता कुठे उतरला. "निता, माझ्यामुळं ते—"

"गप्प बस जरा."

तिने गिटार मांडीवर घेतली. इतके दिवस वाद्यं थांबली की त्या जागी ती हाक ठेवत होती. आधी त्याची, मग स्वतःची. गाणं एवढं चढत चढत त्या जागी यायचं आणि तिथे ती नुसतीच हाक मारायची, काही सांगायची नाही. कारण तिथे काय सांगायचं हेच तिला माहीत नव्हतं. आज होतं.

तिने रत्नपालना फोन लावला, स्पीकरवर टाकून बांधावर ठेवला. "सर, ऐका फक्त."

ती शेवटचं कडवं गायली. हात तारांवर थांबले. आणि त्या शांततेत, कुठलाही सूर न फिरवता, बोलल्यासारखं तिने गायलं—

"कुठंही असले तरी…
तू हाक मार, मी येते."

फोनमधून रत्नपाल म्हणाले, "हेच. याला काही लावू नकोस. उद्या ये आणि अगदी असंच गा." आणि पुढे, "कोणासाठी लिहिलंस गं?"

"उद्या सांगते, सर," म्हणून तिने फोन ठेवला.

पंचफुलाबाईंनी कळपावरून नजर फिरवली. मेंढरं खाली मान घालून चरत होती. एकही जागची हलली नव्हती.

"पास झालं बाय तुझं गानं," त्या म्हणाल्या, आणि रिकामी दुरडी उचलून उगाचच शेताच्या दुसऱ्या टोकाला चालत्या झाल्या.

हलला होता तो एकटा दत्तप्रसाद. तो बांधाखाली, तिच्यासमोर येऊन उभा राहिला. धरणाच्या पाण्यावरून पलीकडे पोचणारा त्याचा आवाज, या दोन हातांच्या अंतरात पार विरघळून गेला होता.

"निता…"

"आले," ती म्हणाली, आणि बांधावरून खाली उतरली.