अनोळखी हात

शर्वरीचा हातोडा तिचा हात ओळखायचा. दांड्यात बसवलेली 'हातखूण' प्रत्येक बोटाचा दाब मोजायची आणि तांब्याच्या हंड्यावरचा ठोका तिचाच असल्याची ग्वाही द्यायची. हातानं ठोके देत मठारलेली अशी भांडी सरकारी योजना घ्यायची, म्हणून पोरांना बालगृहात ठेवायची पाळी आलेले आईबाप त्यांना घरी ठेवू शकत होते. नऊ वर्षांची ओवी त्यामुळेच घरी होती. अट एकच, मुलाचा हात हातोड्याला लागता कामा नये. लागला की मूल बालगृहात.

त्या सकाळी केदार, शर्वरीला टाकून गेलेला नवरा, ओवीला ओढून न्यायला आला. शर्वरी आडवी आली. त्यानं तिला भिंतीवर आपटलं, खाली पाडलं आणि छातीवर बसून गळा आवळला. तिच्या डोळ्यांपुढे अंधारी आली. मग तीन ठोके ऐकू आले आणि तो बाजूला कोसळला. मागे हातोडा धरून ओवी उभी होती. तिच्या फ्रॉकवर बापाचं रक्त उडालं होतं.

त्याला दवाखान्यात नेलं. जिवंत होता, नसता तरी शर्वरीनं सुतक धरलं नसतं. मारणारा हात त्याला दिसला नव्हता. पण हातोड्यानं योजनेला केव्हाच कळवलं होतं : तीन ठोके, अनोळखी हात. योजनेच्या गावित मॅडम तपासायला निघाल्या होत्या.

"मी मारलं म्हणायचं," शर्वरी म्हणाली. "तू हातोड्याला शिवलीच नाहीस."

"पण आई, हातोड्याला कळतं ना."

कळत होतंच. आईनं जीव वाचवायला मारलं तर ते कायद्यात बसत होतं, पण पोरीची कच्ची पकड तिच्या पक्क्या हाताला यायची कशी? तिनं वडिलांचा जुना, बिनयंत्राचा हातोडा डाव्या हातात घेतला. उजवी बोटं ऐरणीवर पसरली. ओवीला तोंड फिरवायला सांगितलं. करंगळी, मग अनामिका, मग मधलं बोट. हाड तांब्यासारखं घुमत नाही, हे तिला तेव्हा कळलं.

"त्यानं मोडली," तिनं गावित मॅडमना सांगितलं.

"आणि असल्या हातानं तुम्ही मारलंत?"

"हो."

"मग त्याच हातोड्यानं पत्र्यावर तसेच तीन मारून दाखवा."

मठारताना एका जागी दुसरा ठोका कधी पाडत नाहीत, शेजारी पाडतात. केदारच्या डोक्यावर मात्र तिन्ही एकाच जागी बसले होते. पंधरा वर्षांची सवय मोडणं शर्वरीला बोटं मोडण्यापेक्षा जड गेलं. तिनं ओठ रक्त येईतो चावला. तीन ठोके, एकच खळगा.

गावित मॅडमच्या हातातल्या यंत्राचा पडदा हिरवा झाला. त्यांनी ओवीच्या फ्रॉककडे बराच वेळ पाहिलं.

"जुळला," त्या म्हणाल्या. "आता तुमच्या नावावर हाच हात नोंदला गेलाय, शर्वरीताई. यापुढे याच हाताचं काम घेतलं जाईल."

त्या गेल्यावर ओवीनं आईचा सुजलेला हात हलकेच मांडीवर घेतला.

"आई, मग ही बोटं बरी होऊ द्यायची नाहीत का?"