सुखमापक आणि अकरा बदके

नागपूरच्या शीतजीवन संस्थेच्या प्रयोगशाळेत भिंतभर पसरलेल्या पडद्यावर चारशे ठिपके होते, आणि त्यातला एकच डॉ. मृणाल खापर्डे यांच्या मनासारखा वागत होता. प्रत्येक ठिपका म्हणजे भंडारा-गोंदियाच्या तलावपट्ट्यातल्या एका घरामागचे बदकांचे खुराडे.

पृथ्वीचा ताप उतरवायला माणसाने आकाशात धुळीचे सौरछत्र उभारले, त्याला सात वर्षे झाली होती. ताप उतरला, पण वैद्याचा हात जरा सढळ पडला. पूर्व विदर्भात पारा शून्याखाली अठरावर जाऊ लागला, तलाव फरशीसारखे थिजले आणि मासळी संपली. तलावांवर जगणाऱ्या ढिवर कुटुंबांना सरकारने बदके दिली. बदक काहीही खाते, थंडीला पुरून उरते आणि अंडी देते. शिवाय अंगणात त्याचा गलका असला की घर रिकामे वाटत नाही, पण हे कारण सरकारी कागदात नव्हते.

बदकांना थंडी बाधू नये म्हणून मृणालने सुखमापक बनवला. खुराड्याच्या तळाशी बसवायचा एक पादफलक, पाटाएवढा. बदक त्यावर उभे राहिले की फलक त्याचे पाय किती गरम आहेत ते मोजी, पाय गार असले तर स्वतः तापे, आणि बदकाच्या सुखाला शंभरपैकी गुण देई. जो कोणी फलक बंद करील किंवा काढील, त्याची बदके परत घ्यायची, असा नियमही तिनेच करून घेतला होता. मुक्या जिवांच्या बाबतीत तिचा माणसांवर फारसा विश्वास नव्हता.

पण फलक दिवसभर तापत होते, गुण साठ-सत्तरच्या पुढे सरकत नव्हते आणि आठवड्याला चाळीस बदके मरत होती. अपवाद एकच, कोहळीटोल्याच्या दुर्पताबाई मेश्राम. त्यांच्या खुराड्याला गेले अडीच महिने पूर्ण शंभर गुण होते. एकही बदक दगावल्याची नोंद नव्हती, आणि वीज सगळ्यांत कमी जळत होती. विजेचे कोडे मृणालला सुटले नाही. बाकीचा निष्कर्ष तिने तत्परतेने काढला. सत्तर टक्के सुख पुरत नाही, शंभर टक्केच हवे. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सहा वाजता सगळ्या फलकांचे तापमान आपोआप वाढेल, असा आदेश तिने यंत्रणेत भरला आणि सकाळी शाल-श्रीफळ घेऊन दुर्पताबाईंचा सत्कार करायला निघाली.

जीपमध्ये बरोबर डॉ. उके होते. ते पशुवैद्यक महाविद्यालयात पक्ष्यांचे शरीरक्रियाशास्त्र शिकवत, आणि मेलेली बदके तपासायला निघाले होते. सुखमापकाच्या समितीत सगळे उष्णता-अभियंते होते. उक्यांना कोणी बोलावले नव्हते, आणि त्यांच्यापर्यंत पोचले होते ते फक्त गुण.

सरकारी जीप दिसताच पंचावन्न वर्षांच्या दुर्पताबाईंनी मागच्या अंगणाचे फाटक लावून घेतले. त्यांनी चहा दिला, पोहे दिले, पुन्हा चहा दिला.

"बाई, आता बदकं दाखवा की," मृणाल हसत म्हणाली.

"काय पाहता जी बदकात? बदकासारखी बदकं हायेत," दुर्पताबाई म्हणाल्या आणि तिसऱ्या चहाला उठल्या.

उके एव्हाना फाटक उघडून आत गेले होते. मृणाल मागोमाग गेली आणि जागच्या जागी थबकली.

बांबूच्या ताट्यांचे साधे खुराडे होते. वाऱ्याची बाजू खालपासून पक्की लिंपलेली, पण छपराखाली वीतभर फट मुद्दाम मोकळी सोडलेली. आत गुडघाभर धानाचे कोरडे तणीस, म्हणजे पेंढा. बाहेर एका रबरी टोपल्यात चोच पुरती बुडेल एवढे कोमट पाणी. अकरा बदके उघड्या बर्फावर एक पाय पोटात घेऊन उभी होती. पिसे तेल लावल्यागत चकाकत होती आणि पाहुण्यांना ती मनसोक्त शिव्या घालत होती. फलक कुठेच नव्हता.

"दुर्पताबाई, फलक कुठे आहे?"

बाईंनी पदर डोळ्यांना लावला. "घरात हाय जी. पलंगाच्या पायथ्याशी. मी पाय ठेवत असते त्याच्यावर."

"तुम्ही?"

"पहिल्या आठवड्यात लावला होता खुराड्यात. बदकं त्याच्यापासून दूर सरकत. जागा नाई म्हनून उभी राहत, चोची उघड्या टाकून धापा देत. वाफ छपराले लागून वरून पानी ठिबके, पिसं चिप्प ओली. दोन मेली. मी तुमाले भेवानं कळवलं नाई. फलक काढला, पन मशीन तिकडं चुगली करंल ना? तिले पाय पाहिजेत, मी माझे देल्ले." मग एकदम हात जोडून त्या म्हणाल्या, "बाई, बदकं नेऊ नका जी. तलाव गेला, मानूस गेला. सकाळी उठाले मले हेच एक कारन हाय."

मृणालला राग यायला हवा होता. तो आला नाही, कारण समोरची बदके ठणठणीत होती आणि हे तिला डोळ्यांनी दिसत होते.

उके मात्र भलत्याच गोष्टीवर अडले होते. "खापर्डेबाई, तुम्ही बदकाचं सुख मोजता म्हणजे नेमकं काय मोजता?"

"पायांची ऊब."

"पायांची? हे कोणी सांगितलं तुम्हाला?"

"सांगायला कशाला हवं? तान्हं मूल झोपलं की आई आधी त्याचे पायच चाचपते. माझी आई मी कॉलेजात जायला लागले तरी चाचपायची. आमच्या प्रयोगशाळेतल्या प्रत्येकाने बदकांच्या पायांना हात लावून पाहिला. गार लागले ती दुःखी, गरम लागले ती सुखी. त्यावरून यंत्राला शिकवलं."

उक्यांनी एक बदक अलगद उचलले. "लावा हात पायाला."

पाय बर्फासारखा होता.

"आता पंखाखाली."

मृणालने बोटे आत सरकवली. तव्यावरून नुकत्या उतरवलेल्या भाकरीसारखी ऊब होती.

"बदकाच्या पायात शुद्ध आणि अशुद्ध रक्ताच्या नळ्या एकमेकींना बिलगून असतात," उके म्हणाले. "खाली जाणारं गरम रक्त आपली ऊब वर येणाऱ्या गार रक्ताला वाटेतच देऊन टाकतं. ह्याला प्रतिप्रवाह म्हणतात. पाय गोठणार नाही एवढीच ऊब खाली पोचते, बाकीची अंगात राहते. म्हणजे पाय गार, तर बदक मजेत."

"आणि गरम असले तर?"

"बदकाला घाम येत नाही. अंग फार तापलं की ते गरम रक्त पायांत सोडतं आणि उष्णता बाहेर टाकतं."

मृणालने हात पंखाखालून काढून घेतला. मग तिने तर्काची एकेक पायरी मोठ्याने बोलत उतरायला सुरुवात केली. "म्हणजे माझा फलक बदकाचा जीव घाबरा होईपर्यंत तापतो. त्याने पायांत उष्णता सोडली की मी त्याला गुण देते. मी सुख मोजतच नव्हते, उके. छळ मोजत होते. आणि शंभर गुण म्हणजे..."

तिने घड्याळ पाहिले. साडेचार वाजले होते. तिने नियंत्रण कक्षाला फोन लावला, आदेश रद्द करायला लावला, आणि तो खरोखर रद्द झाल्याचे दोनदा वदवून घेतले.

"सगळे फलक बंदच करून टाकते," फोन हातात धरून ती म्हणाली.

"तसं केलंत तर उद्या सकाळपर्यंत सगळी मरतील," उके म्हणाले. "अडीच महिने उबेत वाढलेल्या पक्ष्याला दाट पिसं कशाला येतील? निदान तीन आठवडे लागतील. रोज थोडी थोडी ऊब कमी करायची."

"आन् तणीस?" दुर्पताबाईंनी पदर खाली घेतला. "ओलं झालं की उपसून टाकाचं, वरून कोरडं घालाचं. छपराखाली फट पाहिजे. बाया फट बुजवतात, म्हनतात वारा लागते. बदकाले वाऱ्यापेक्षा ओल मारते जी. संध्याकाळी पोटभर मका द्या, म्हंजे अंग आतून तापते. हे त्याहिले सांगनार कोन?"

"तुम्ही," मृणाल म्हणाली. सत्कार तिने तिथेच उरकला. शाल अंगावर घेऊन दुर्पताबाई फोनपाशी बसल्या, त्या तीन दिवस उठल्याच नाहीत म्हणा ना. प्रत्येक घराला पहिला निरोप मृणालचा जाई. चूक माझी होती, तुमची नव्हती, एवढाच. बदके परत घेण्याचा नियम तिने त्याच दिवशी मागे घ्यायला लावला. त्या तीन आठवड्यांत एक्क्याण्णव बदके आणखी गेली. विज्ञानात चूक होतेच, असे म्हणून तो आकडा तिने कधी झाकला नाही. पुढच्या महिन्यात मात्र पाऱ्याने उणे विशीखाली बुडी मारली आणि एकही बदक मेले नाही.

फलक आता निकामी ठरले. ते गोळा करून आणायला संस्थेने गाडी पाठवली. गाडी चार दिवस हिंडली आणि रिकामी परत आली. कोणाचा फलक सापडत नव्हता, कोणाचा पाहुणे घेऊन गेले होते, आणि एका घरी तर तो काय असतो हेच कोणाला आठवेना.

मृणालने भिंतीवरचा पडदा सुरू केला. चारशे ठिपके. सगळ्यांना अठ्ठ्याण्णव, नव्व्याण्णव, शंभर गुण, आणि वीज पूर्वीच्या दहाव्या हिश्श्याएवढी. बदकाचा पाय कधी मनाजोगता गरम होईना, म्हणून फलक अखंड तापत राहायचा. आता मात्र तो घटकाभर तापे आणि समाधानाने थांबे. तिने दुर्पताबाईंना फोन लावला.

"सगळ्यांना तुम्हीच सांगितलंत ना?"

"पाय तर साऱ्याहिलेच हायेत जी," दुर्पताबाई म्हणाल्या. "शेजारच्या आजीचे तर निळे पडत होते. आता ती आंगनात येऊन भांडते."

संस्थेला अंतिम अहवाल हवा होता. मृणालने छापील नमुना पुढे ओढला. यंत्रात दोष आढळला का, या प्रश्नापुढे तिने विचार करून 'नाही' असे लिहिले. मोजणी बिनचूक होती, हे आता चारशे घरांत सिद्ध झाले होते. खाली एक रकाना होता, यंत्र कोणत्या प्राण्यासाठी. तिथे तिच्याच अक्षरात 'बदक' लिहिलेले होते. तो शब्द तिने खोडला आणि वर लिहिले, माणूस.