पळसनाल्यातली दमणी

कडूबा गाडीवर बसला की अमडापुरात एक वाक्य हमखास कानावर यायचं, "गाडी आधी पोचते, कडूबा मागून येते." लोक हसायचे, पण त्यात खोटं काही नव्हतं. बैलांची घुंगरं आणि चाकांची करकर एका लयीत आली, की कडूबाचे डोळे उघडेच राहत आणि तो मात्र कुठंतरी निघून जाई. कासरा हातात, पाठ ताठ. खड्डा बरोबर चुकवी, समोरून छकडा आला तर बाजू देई. मागाहून मधल्या वाटेचं विचाराल, तर पाटी कोरी.

लहानपणापासूनच तो न्यारा. लग्नात ताशे वाजले की कान दाबून गोठ्यात पळायचा, कुणाच्या डोळ्यांत बघून बोलायचा नाही, भाजी भाकरीला लागली तर ताट सरकवायचा. गावानं त्याला येडा ठरवून टाकलं. गावाला काय, उचलली जीभ आणि लावली टाळ्याला!

थोरल्या बहिणीला, झुंबरबाईला मात्र तो कळायचा. घरची बैलगाडी म्हणजे छत-पडद्याची दमणी होती. मागं बसलेली झुंबर त्याच्या पाठीमागच्या फळीवर बांगड्या वाजवी आणि विचारी, "कुठी गेलता बे, कडू?"

"कुठीच नाई, बाई," तो दचकून म्हणे. पण तो परत आलेला असे. दुसऱ्या कुणाच्या हाकेनं तो येत नसे. आई मनकर्णाबाईच्याही नाही.

झुंबरला चिखलीला दिली होती. लग्नानंतर फार वर्षांनी तिला दिवस गेले, आणि पहिलं बाळंतपण माहेरी म्हणून कडूबा तिला आणायला गेला. वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेलं. त्या रस्त्यानं मोटार गेली तर पोरं धुरळ्यात मागं धावायची. नेण्याआणण्याला आपली दमणीच खरी.

निघताना सासूनं, रुखमाबाईनं, जुन्या धोतराचं फडकं फाडलं आणि झुंबरच्या दोन्ही मनगटांवर घट्ट गुंडाळून गाठी मारल्या. "डोहाळजेवणाचा हिरवा चुडा हाये. वाटेत दणक्यानं फुटला तं अपशकुन." त्या घरात सगळ्याच सुनांना असं बांधून पाठवत. माया होती ती, वाईट हेतू कसला!

फाल्गुनातली दुपार होती. पळसनाला आला तेव्हा दोन्ही काठ फुलांनी लाल झालेले कडूबाला आठवत होते. त्यानंतरची आठवण एकदम आपल्या अंगणाची. आई ओरडत होती. पडदा बाजूला होता. झुंबरखालची कडबी भिजून रक्त दमणीच्या फळ्यांतून खाली टिपकत होतं, आणि तिचा फडक्यात गुंडाळलेला हात त्याच्या पाठीमागच्या फळीला टेकलेला होता.

गावानं चार दिवस जीभ आवरली. कडूबानंच एकदा विचारलं, "माय, बाईनं फळी वाजवली असन?"

"नाई रे बापा. झोपेतच गेली ते."

तो डोळ्यांत बघत नसे, हे मनकर्णाबाईला जन्मात पहिल्यांदा बरं वाटलं.

चैत्र लागला. एका सकाळी मेंढरंवाला तुळशीराम दारात उभा राहिला. "कडूबाभाऊ, काल दुपारी नाल्यात कुठी चालला होता? मी आवाज देला, तुम्ही वळूनबी नाई पाह्यलं."

"दमणी तं घरीच हाये," मनकर्णाबाई म्हणाली. "त्या दिवसापासून जुपलीच नाई."

तुळशीराम जरा मागं सरला. "मावशी, मांगं बाई बसेल होती. फळीवर हात मारून राह्यली होती. सारखा." त्यानं हवेतच हात मारून दाखवला. "पण आवाजच नोता."

कडूबा उठला. "फडकं सोडाले पाह्यजे."

"ते तिच्यासंगं जळलं रे, लेकरा."

"तठी नाल्यात नाई जळलं," तो म्हणाला, आणि बैल जुपायला गेला.

या खेपेला हरवायचं नाही, असं त्यानं ठरवलं होतं. बैलांची घुंगरं त्यानं सोडून घरीच ठेवली. ओठ दातांत धरला, रक्ताची चव येत राहिली. ऊन वाढलं. पळसाची फुलं आता गळून पडली होती, चाकांखाली मऊ लागत होती. नाल्याच्या उतारावर बैल आपणहून थांबले.

खाली नाल्यात घुंगरं वाजली.

पुढं एक दमणी चालली होती. त्याच्याच बैलांची, त्याच्याच छताची. गाडीवानाच्या अंगात त्याचीच ठिगळाची बंडी होती. कडूबानं आपली पाठ कधी पाहिली नव्हती. ती फार शांत होती. त्याला तिची चीड आली.

पडदा हलला. पांढरा, गुंडाळलेला हात फळीवर पडला.

पुन्हा पडला.

काहीच ऐकू आलं नाही.

"मांगं पाह्य बे!" कडूबा ओरडला. "अबे, बाई बलावून राह्यली!"

पाठ वळली नाही.

कडूबानं कासरा ठेवला आणि तो खाली उतरला.

दिवस कलताना दमणी अंगणात आली. गाडीवानाची जागा रिकामी होती. शेजारीपाजारी जमले. "गाडी पोचली," मनकर्णाबाई म्हणाली, "कडूबा मांगून येईन." आज कुणी हसलं नाही. तिनं पडदा सारला. कोरड्या कडबीवर जुन्या धोतराची फडकी पडली होती. गाठी सुटलेल्या होत्या आणि कापड अजून कोमट होतं.

माणसं नाला धुंडून आली. कडूबा सापडला नाही. आई रोज त्याची भाजी वेगळ्या वाटीत काढून ठेवायची, भाकरीला लागू नये म्हणून.

मग तुळशीराम पुन्हा आला. मुंडासं हातात घेऊन उंबऱ्याबाहेरच बसला.

"काल दमणी पाह्यली, मावशी. बैल आपले चालून राह्यले होते. हाकाले कोणी नाई."

मनकर्णाबाईनं गोठ्याकडे पाहिलं. दोन्ही बैल दाव्याला रवंथ करत होते. कालही तिथंच होते.

"आन् मांगं?"

"पडदा पडेल होता. बांगड्या वाजल्या. मंग बाईनं इचारलं, कुठी गेलता बे, कडू?"

मनकर्णाबाईनं दाराची चौकट धरली. "त्यानं ओ देली?"

"हाव, मावशी," तुळशीराम खाली बघत म्हणाला. "पयल्याच हाकेले."